बियाणं खाणारी

९ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी तीन मातीबद्दल आणि एक माझ्या पायांबद्दल. बहीण जिवंत आहे का, जव कसा आलाय, याची एक ओळ नाही. जिवंत आहे. जव गुडघ्याएवढा झालाय, म्हणजे तुझ्या माणसांनी तुडवून उरला तेवढा. टेकाड खणायला आलेत की शेतात फुटबॉल खेळायला, ते एकदा विचारून घे.

फोनवर बोलूया म्हणतोस. नको. शेजारणीचा फोन कानाला लावून मी बोलते आणि तू तिकडून नुसता हूं हूं करतोस. कागदावर हूं हूं करता येत नाही. माझं अक्षर तिसरीतलं आहे आणि तिसरीतच राहिलंय, पण वाचता येतं.

आता तुझे प्रश्न. दळताना बसायचं कसं म्हणे. एवढा शिकलास आणि आपल्या घरात काय चालायचं ते पत्राने विचारतोस! आपला दगड गोल जात्यासारखा नाही, लांबट आहे, मधे खोल, एका बाजूला उंच. उंच बाजूला गुडघे टेकायचे. पायाची बोटं मागे दुमडून जमिनीत रोवायची. वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. ढकलताना सगळा भार डाव्या अंगठ्यावर येतो. उजव्यावरही येईल, पण आत्याने मला डाव्यावर शिकवलं, तेच अंगवळणी पडलं. गिरणी झाली तरी अप्पा म्हणायचे, घरात दोन हात असताना गिरणी कशाला. ते दोन हात माझे होते. नऊ वर्षांची असल्यापासून.

अंगठा आता आत वळलाय, चपलेत मावत नाही. तुला पायाचा ठसा हवा होता ना, राखेत पाय बुडवून वहीच्या मधल्या कागदावर उठवलाय. सोबत आहे. हसू नको.

तू लिहिलंस, माणूस लाखो वर्षं हिंडून मिळेल ते खायचा, मग कुणीतरी बी पेरलं आणि तो एका जागी बसला. बसला नाही रे, अडकला. पेरलं की पाखरं हाका, तण काढा, कापा, झोडा, दळा. बसायला मिळालं ते फक्त ज्याच्या घरात कोठार होतं त्याला. हे सांगायला मला टेकाड खणावं लागलं नाही.

आता माझं काम. अप्पांनी जमीन तुझ्या नावावर केली, टेकाडही त्यातच. माझी तक्रार नाही. तुझ्या ऑफिसला टेकाड द्यायचं तर खुशाल दे, त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नाही. पण शेत देऊ नको. मी मरेपर्यंत मला पेरू दे. मला नवरा नाही, पोर नाही, दुसरं काही येत नाही. एवढं एका ओळीत लिहून दे. ओळ लहान असली तरी चालेल.

ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

तुझा ठसा टेबलावर ठेवलाय आणि मी त्याच्याकडे बघत बसलोय. का, ते सांगतो. बसूनच वाच.

परवा टेकाडाच्या उतारावर, दोन हात खोल, एक खड्डा लागला. भोवतीचा थर आठ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेती नुकतीच सुरू झाली तेव्हाचा. त्या खड्ड्यात एक बाई आहे. कुशीवर, गुडघे पोटाशी. डोक्याच्या हाडाला एक मोठी चीर आहे, ती मातीच्या दाबाने पडली असावी. आणि ताई, तिच्या डाव्या पायाचा अंगठा तुझ्यासारखाच आत वळलाय! तोच कोन, सांध्यावर तीच झीज. मी ठसा शेजारी धरून पाहिला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ती आणि तू, मधे आठ हजार वर्षं, आणि बसणं एकच.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. तिच्या तोंडात जव आहे. मूठभर तरी असेल. वरून राख पडलेली, जागा कोरडी, म्हणून टरफलं टिकली. लोकांनी तिला पुढच्या प्रवासाची शिदोरी दिली होती. जिने आयुष्यभर दळलं तिच्या तोंडात शेवटी दाणे ठेवले. त्या काळात धान्याची किंमत काय होती ते तुला वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याचा पहिला कायदा म्हणजे उपाशी मेलं तरी बियाणं खायचं नाही. मी तर म्हणतो, सगळी संस्कृती त्या एका कायद्यावर उभी आहे. बियाणं राखायचं म्हणून कोठार आलं, कोठारासाठी पहारेकरी, पहारेकऱ्यावर मुकादम, मुकादमावर राजा. तरीही त्यांनी तिला मूठभर दिलं. केवढा मान!

माझ्या हाताखालची मुलगी म्हणते की टरफलं इतकी वर्षं टिकत नाहीत, हाडांच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबा. पण २ मार्चला मोठी परिषद आहे. सगळे येणार. अशी संधी पुन्हा येत नाही.

शेताबद्दल भेटीत बोलू.

तुझा,
धाकटा


२८ जानेवारी

धाकट्या,

'भेटीत बोलू' म्हणजे 'नाही'. मी तुला जन्मापासून ओळखते. भेटीत कधी बोलणार? तू येतोस, गाडीतून उतरतोस, टेकाडावर जातोस, टेकाडावरूनच परत. मागच्या चार खेपांत घराचा उंबरा ओलांडला नाहीस. चहा मीच टेकाडावर आणून देते, तोही तुझ्या साहेबांसमोर 'मावशी, ठेवा तिकडे' म्हणून घेतोस. मी तुझी मावशी कधी झाले?

त्या बाईचे फोटो पाठव. पायाचे नको, हातांचे. दोन्ही हातांचे, बोटं दिसतील असे. आणि मला सांग, तिच्या तोंडातले दाणे कसे आहेत? जिभेच्या जागी ठेवल्यासारखे की घशापर्यंत? शिदोरी देणारा माणूस हळू हाताने देतो.

परिषदेत तोंड उघडू नको. ती मुलगी बरोबर सांगते, तिचं ऐक. लोकांसमोर बोललास आणि उद्या उलटं निघालं तर? उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी खोड लहानपणची आहे.

का म्हणून विचारू नको. थांब म्हणते तर थांब. आणि शेताची ती ओळ लिही.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोटो पाठवतोय. तुझी उत्सुकता बघून बरं वाटलं. एरवी माझ्या कामाला तू दगडमाती म्हणतेस.

तू नेमकं विचारलंस. दाणे घशापर्यंत आहेत, ठासून भरलेले. यावरून माया किती होती ते बघ! डाव्या हाताच्या करंगळीचं शेवटचं पेर नाही, फोटोत दिसेल. आपलं माणूस गेलं की दुःखात बोटाचं पेर कापून द्यायची रीत काही जुन्या लोकांत होती. मी तसं लिहिलंय. म्हणजे या बाईने आधी कुणालातरी गमावलं होतं. एका बोटावरून एवढं कळतं, ताई. आमचं काम हेच.

आता शेताचं. लपवून ठेवत नाही. मी सही केली. शिदोरीची बाई सापडल्यावर ऑफिसला नुसतं टेकाड पुरणार नाही, भोवतीची सगळी जमीन लागेल. हा जव काढून घे, पुढचा पेरायचा नाही. तुझी सोय मी पाहिली आहे. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे, पलंग टाकलाय, हिलाही स्वयंपाकघरात सोबत होईल. आणि इथेच राहायचं असेल तर खोदकामावर माती चाळायला बायका लागतातच. रोजगार मिळेल आणि रोज आपल्याच शेतात येशील! बावन्न वर्षांची झालीस, किती राबणार?

तुला राग येईल. पण तू शाळेत टिकली नाहीस, त्यामुळे या गोष्टीचं मोल तुला कळावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. एका बाईच्या एका शेतापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

शाळेत टिकले नाही! बरं. मी का टिकले नाही ते आज सांगते. त्रेचाळीस वर्षं दात मिटून ठेवले, तू ते उघडायला लावलेस.

तुझी शिदोरीची बाई म्हणजे आपली आत्या आहे.

करंगळी दुःखाने कापलेली नाही. चारा कापायच्या यंत्रात गेली. मी तिथेच होते, पेर शोधायला मलाच खाली वाकवलं होतं. अंगठा माझ्यासारखा आहे कारण मला बसायला तिने शिकवलं, त्याच दगडावर. आठ हजार वर्षं कुठून काढलीस? आत्या तेव्हा तिशीचीही नव्हती.

अप्पांनी तुला सांगितलं, आत्या कुणाचा तरी हात धरून पळाली. गावालाही तेच सांगितलं. सासरहून परत पाठवलेली बाई, लोकांनी लगेच मानलं. वाईट गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता. आई तुला जन्म देऊन महिन्यातच गेली होती. तू दोन वर्षांचा, पोट फुगलेलं, मान टाकलेली. घरात खायला म्हणून काही नव्हतं. बियाण्याचं मडकं तेवढं होतं, जव भरून, तोंड मातीने लिंपलेलं. लिंपलेल्या मातीवर अप्पांनी अंगठा उठवून ठेवला होता, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. तुझे राजे आणि पहारेकरी कुठे सापडतात ते मला माहीत नाही. मला आपल्या माजघरातच दिसले.

आत्याने माती फोडली. मूठभर जव काढला, दळला, पातळ पेज केली आणि तुला बोटाने चाटवली. दोन दिवस चोरून. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस.

मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, तू मोठी आहेस, दम धर.

मी दम धरला नाही. मी गेले आणि अप्पांना सांगितलं, आत्याने मडकं फोडलं.

वाचलंस? मी सांगितलं. नऊ वर्षांची होते, पोटात आग होती, आणि तुला मिळालं, मला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहितेय म्हणजे क्षमा मागतेय असं समजू नको. ज्या माणसाची क्षमा मागायची त्याचा तू फोटो काढून पाठवलास.

ती तेव्हा दळतच होती, पाठ दाराकडे. अप्पांनी तिच्या हातातला वरवंटा घेतला आणि एकदाच मारला. चीर मातीच्या दाबाने पडत नाही, विद्वाना. मग मडक्यातला जव घेतला आणि तिच्या तोंडात कोंबला. बियाणं हवं होतं ना, खा म्हणाले. खा. ती तोवर गेलेली होती की नव्हती, मला माहीत नाही. हात हलत होते. ही तुझी शिदोरी. ही तुझी माया.

खड्डा नवा खणावा लागला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी अप्पांनी टेकाडाचा उतार नांगरायला घेतला होता, तेव्हा नांगर अडकला आणि आपला दळायचा दगड तिथून निघाला होता. त्या दगडाच्या जागी खड्डा होता, तिथेच तिला घातलं. वर चुलीतली राख ओतली, वास येऊ नये म्हणून. म्हणून तुझा थर जुना आणि बाई नवी. थर जुना असेल, माझं म्हणणं नाही. दगड जुना आहेच. त्याखाली काळे जळके दाणे होते, पसाभर. अप्पा कोळसा म्हणाले. दगडाच्या पोटाला माती चिकटली आहे तिच्यात अजून काही रुतलेत. दगड मागच्या छपरात जमिनीत बसवला, तेव्हापासून कुणी उलटा केला नाही. पण दगडासाठी कुणी शेत घेत नाही, आणि शिदोरीची बाई तर आता उरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला म्हणाले, उद्यापासून शाळा बंद, दगडाला माणूस पाहिजे. वरवंटा त्यांनी धुवून ठेवला होता. तोच मी अजून वापरते.

आता परिषदेत जाऊन काय सांगायचं ते तू ठरव. सही परत घे. आत्याला नीट कापडात बांधून माझ्याकडे दे. ती तुला चाटवून मेली.

ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र लिहायला लाज वाटते, म्हणून थोडक्यात लिहितो.

तपासणीचा निकाल आला. ती हाडं आठ हजार वर्षांची नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आहेत. कुणीतरी जुन्या थरात खड्डा करून पुरलेली. कुणी बेवारस असेल, कुणास ठाऊक. परिषदेतून मी नाव काढून घेतलं. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. ती मुलगी हाडांच्या खोक्यावरची 'आठ हजार वर्षं' ही चिठ्ठी खरवडून काढतेय.

टेकाडात दाखवण्यासारखं दुसरं काहीच निघालेलं नाही, त्यामुळे ऑफिसने काम बंद केलं. पुढच्या आठवड्यात माणसं सामान उचलतील. माझी सहीही त्यांनी रद्द करून कागद परत पाठवला. शेत तुझंच आहे, ताई. तुला हवी होती ती ओळ ही घे: मरेपर्यंत पेर. टेकाडही नांगरून टाक वाटलं तर.

तू थांब म्हणाली होतीस. ऐकायला हवं होतं. मागच्या पत्रात शाळेवरून बोललो, ते मनावर घेऊ नको.

तुझा,
धाकटा


२ मार्च

धाकट्या,

तुझं पंचविसाचं पत्र आज हातात पडलं. माझं चोवीसचं तुला पोचलं असेल किंवा पोचायचं असेल. पोचलं नसेल तर आलं की फाडून टाक. उघडलं असेल तर पुढे वाचू नको. वाचलं असेल तर विसर. तापात लिहिलं होतं. बाईमाणूस एकटं राहिलं की काहीबाही सुचतं.

दगडाचं तर मुळीच खरं नाही. तो अप्पांनी बाजारातून आणला होता. दाणे वगैरे काही नाहीत, मी उलटा करून पाहिला.

शेत दिलंस, तुझं भलं होवो. यापुढे टेकाडावर आलास तर घरात ये, चहा कपबशीत देईन. 'मावशी' म्हणालास तरी काही म्हणणार नाही.

ते पत्र फाड. फाडलंस की कळव.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी तीनदा वाचलं. दुसऱ्यावर विश्वास ठेवावा अशी तुझी इच्छा आहे, पण तुला खोटं लिहिता येत नाही. बाजारात असला दगड मिळत नाही.

आत्याबद्दल काय लिहू? मला ती आठवत नाही. पेजही आठवत नाही. अप्पा गेले, ती गेली, आता उकरून कुणाला काय मिळणार? आणि हाडांचं विचारलंस म्हणून सांगतो, निकाल आल्यावर तो खोका नमुन्यांमधून काढून टाकायला मीच सांगितलं. नव्या हाडांची चौकशी मागे लागली असती. भरावाच्या मातीबरोबर कुठेतरी गेला. आता सापडणार नाही. आणि ताई, खरं बोलायचं तर, अप्पांना सांगणारी तूच होतीस ना? मग माझ्यावर कशाला ओरडतेस?

आता कामाचं. जो दगड आम्ही टेकाडात शोधत होतो, तो तुझ्या छपरात आहे. जागेवर सापडलेला, खाली जळलेलं धान्य, काही दाणे अजून चिकटलेले. जळलेला दाणा हजारो वर्षं टिकतो, आणि त्याचं वय काढता येतं. तू लिहिलेला तो भाग मी नकलून अहवालाला जोडला, अप्पांबद्दलचा मजकूर वगळून. साहेबांनी त्याच दिवशी काम पुन्हा सुरू करायला सांगितलं. सही मी केली आहे. या वेळी टेकाड, शेत आणि घराच्या मागची बाजू, सगळंच जाईल. तू गप्प राहिली असतीस तर शेत वाचलं असतं, हे मलाही दिसतं. पण जे आहे ते आहे.

७ एप्रिलला गाडी येईल. दगड हलवू नको, उलटा करू नको, पाणी तर अजिबात लावू नको. तुझाही फोटो काढतील, नेहमीसारखी गुडघे टेकून बस. तुझ्या पायाचा ठसा प्रदर्शनात दगडाशेजारी लावणार आहोत. खाली लिहू, 'आठ हजार वर्षांची अखंड परंपरा'. तुझं नाव नाही घालणार, काळजी करू नको.

खोलीतला पलंग तसाच आहे.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

काल तुझी गाडी आली होती. चार माणसं, गाद्या, दोर, कापूस. दगडाला निजवायला गाद्या आणल्या होत्या, हे मला आवडलं. आत्याला खोका मिळाला होता.

दगड त्यांना मिळाला नाही. मी तो परवा दिवसाउजेडी, दार उघडं टाकून फोडला. लोहाराकडून घण आणला. म्हणाला, ताई, एवढं काय फोडायचंय? म्हटलं, परंपरा. तो हसला. आत्याला एक घाव पुरला होता, दगडाला सतरा लागले. आधी उलटा केला, तू सांगितलं होतंस करू नको म्हणून. पोटाला माती होती आणि मातीत काळे दाणे, मी लिहिलं होतं तसेच. मोठं घमेलं भरून पाणी ओतलं आणि काथ्याने घासून काढले. निघालेले दाणे चुलीत घातले. एकदा जळलेले होते, पुन्हा जळले. तुझ्या आठ हजार वर्षांनी अर्धा कपसुद्धा चहा उकळला नाही. तुकडे विहिरीत टाकले. वरवंटाही. त्यावर मात्र मी आधी हात फिरवला.

तुझ्या साहेबाने विचारलं, दगड कुठे? मी म्हटलं, कुठला दगड? मी अडाणी बाई, तिसरीत शाळा सोडली, पत्रात काहीबाही लिहिते. तो तुला फोन लावत होता. तू हूं हूं करत असशील.

शेत गेलं, ते मला माहीत आहे. खुंट ठोकलेत, तार ओढलीय. दगड नाही म्हणून जमीन परत देणारं ऑफिस अजून जन्माला यायचंय. आता त्या तारेआड तुम्ही काय ते खणा. काही निघणार नाही. निघण्यासारखी एक बाई होती, ती तू भरावात टाकलीस.

तुझ्या खोलीत मी येत नाही. तुझ्या बायकोला सोबत हवी तर मांजर पाळा. लोहाराच्या बायकोला गुडघ्याने उठवत नाही, तिच्याकडे भांडी-धुणी करीन. उभ्याने करायचं काम आहे, मी आधीच विचारून घेतलं. गुडघे टेकणार नाही.

आता शेवटचं. यंदाचा जव चांगला आला होता. बियाण्याचं मडकं भरलं, नेहमीप्रमाणे तोंड लिंपलं. लिंपून झाल्यावर हसू आलं. कुणासाठी लिंपतेय? पेरणार कुठे? मग पायाच्या त्याच वळलेल्या अंगठ्याने लिंपलेली माती फोडली. मडकंच पाडून पायाने फोडलं म्हण. शेजाऱ्यांच्या मोठ्या पातेल्यात सगळं बियाणं शिजवलं. गिरणीत भरडून आणलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. गिरणीवाला म्हणाला, बियाणं दिसतंय, भरडू का नक्की? म्हटलं, भरड. गल्लीतली पोरं आली, म्हाताऱ्या आल्या, वाट्या घेऊन आल्या. मी पहिली वाटी स्वतः घेतली. त्रेचाळीस वर्षं मी ती मागत होते.

गोड लागतं रे. मीठ नव्हतं तरी गोड लागतं. तुझा तो पहिला कायदा कुणी केला असेल ना, त्याने बियाणं कधी चाखलं नसणार.

सगळं संपलं. मूठभर तेवढं भरडायच्या आधीच वेगळं काढलं, पुडीत बांधून उशाशी ठेवलंय. आत्याच्या वाटणीचं होतं, पण ती आता कुठे आहे ते तुलाच ठाऊक नाही. म्हणून ते तुझं. तू कधीतरी येशीलच, टेकाड तुला सुटणार नाही. तेव्हा घरात ये, बस, तोंड उघड.

घशापर्यंत पुरेल एवढं आहे.

ताई